शेठजींचा वरचा मजला

शेठजींनी आम्हाला जागा देताना एकच अट घातली होती. त्यांच्या घरात 'रक्त' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही.

शहाद्याच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानावर एका मजल्याचं घर. त्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत आमची संस्था सुरू झाली. संस्था म्हणजे काय, तर मॅडम, मी, एक सूक्ष्मदर्शक, एक फ्रीज आणि एक टेबल. मॅडम पुण्याच्या मोठ्या नोकरीवर पाणी सोडून आल्या होत्या. सातपुड्यातल्या लोकांमध्ये सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या का उतरतो, त्याचा माग थेट जनुकांपर्यंत जाऊन काढायचा, हे त्यांच्या डोक्यात होतं. मी नवापूरकडच्या डोंगरातली. प्रयोगशाळेचा डिप्लोमा नुकताच झालेला, शहाद्यात ओळखीचं कोणी नाही. शेठजी जैन. चिमटीत धरलेली मुंगीही बाहेर नेऊन सोडणारे. त्यांच्या डोक्यावर आम्ही रक्ताच्या बाटल्या मांडणार होतो.

"आठे रगत चालाव नही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. त्यांच्या घरात मारवाडी, बाजारात अहिराणी आणि बँकेत मराठी अशी वाटणी होती. आम्हाला त्यांनी बाजारात धरलं.

मॅडम म्हणाल्या, "शेठजी, रक्ताशिवाय आमचं काम कसं चालायचं?"

शेठजींनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मंग त्याले थान म्हना."

तेव्हापासून आमच्याकडे रक्ताचे नमुने नव्हते, कापडाची थानं होती. संध्याकाळी मी जिना उतरायला लागले की गादीवरून हाक यायची, "आज कितला थान उनात, डॉक्टर?" मी डॉक्टर नाही हे मी त्यांना सांगून थकले. पण ते वर काम करणाऱ्या सगळ्यांना डॉक्टरच म्हणत. झाडणाऱ्या मावशींनाही.

पाटीचंही तेच झालं. पेंटरने रंगवलेल्या पाटीवरून त्यांनी 'रक्त' हा शब्द पुसायला लावला. उरलेलं नाव इतकं जड होतं की ते कोणी वाचलंच नाही. डोंगरातले लोक एसटीतून उतरले की स्टँडवर विचारायचे, "शेठना दवाखाना कोठे शे?" आणि स्टँडवरचा कोणीही रिक्षावाला त्यांना आमच्याकडे आणून सोडायचा. शेठना दवाखाना! दवाखान्याची पायरी शेठजी जन्मात चढले नव्हते.

दुकान तसं बसलेलं होतं. लोक तयार कपडे घ्यायला लागले होते. तरी शेठजी सकाळी सगळी थानं फडताळातून काढायचे, झटकायचे आणि पुन्हा घडी घालून जागच्या जागी ठेवायचे. मग पेपर मोठ्याने वाचायचे. दुकानात ऐकायला कोणी नसे. सुरुवातीला मला वाटायचं, गिऱ्हाईक आलंय. मी डोकावून पाहायची तर शेठजी एकटेच, चष्मा नाकावर, आणि कापसाचा भाव साऱ्या थानांना ऐकवतायत.

सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांचा नेम. आमचा फ्रीज मात्र रात्रभर गुरगुरत राहायचा. एकदा त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, "हाऊ फ्रीज रातले बी खास का?"

"वीज खातो, शेठजी."

"सवय वाईट शे त्याले," ते म्हणाले. तेव्हा ते हसत होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

माझ्या रविवारचंही त्यांना कुतूहल होतं. मी प्रार्थनेहून येताना दुकानावरून जायची. ते विचारायचे, "तुमना देव फक्त रविवारलेच दुकान उघडस का?" मी म्हणायची, "आमचा देव रोज असतो, आम्ही रविवारी जातो." मग ते मान डोलवायचे. "आमना बी तसाच. गिऱ्हाईक येत नही." डब्यात मांस-मच्छी आणायची नाही, ही त्यांची दुसरी अट मी पाळली. बदल्यात त्यांनी कधी मला जेवली का हे विचारल्याशिवाय सोडलं नाही. "जेवनी का, डॉक्टर?" त्या गावात मला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांनाही कोणी विचारत नसावं. पण ते विचारायची माझी हिंमत कधी झाली नाही. त्यांच्या घरच्यांबद्दल ते एवढंच म्हणायचे, "घरमा कोनी नही." बायको वारली असेल असं मी धरून चालले होते.

संस्था वाढत गेली. मॅडमना दिल्लीहून मदत मिळाली, मग आणखी कुठून कुठून. दोन तरुण संशोधक आले. दुसरी खोली हवी झाली. शेठजींनी आधी साफ नाही म्हटलं आणि मग स्वतःच तिथलं जुनं फर्निचर उचलायला हमाल लावले. हे दर वेळी असंच व्हायचं. नाही म्हणायचे, दोन दिवस तोंड फुगवून बसायचे आणि मग किल्ली आणून द्यायचे. तिसरी खोली घेतली ती मोठ्या डीप-फ्रीझरसाठी. चौथीत पेशंट बसायला लागले. शेवटी सगळा वरचा मजला आमचा झाला आणि शेठजी आपली गादी-उशी घेऊन खाली दुकानात झोपायला लागले.

"त्रास होतोय का आमचा?" मॅडम विचारायच्या.

"नही नही. माथावर पाय वाजतस, बरं वाटस," ते म्हणायचे.

एका मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारी वीज गेली आणि आमचा जनरेटर सुरू होईना. फ्रीझरमध्ये कित्येक गावांचे नमुने. मॅडम मुंबईला. मी रडकुंडीला येऊन खाली धावले. बर्फ लागेल म्हटलं. बर्फाच्या कारखान्यातही वीज नव्हती आणि होता तो बर्फ तापीवरून आलेल्या मासळीसाठी मच्छीबाजारात गेला होता. शेठजींनी टोपी घातली आणि निघाले. त्या गल्लीच्या तोंडावरून जाताना आयुष्यभर नाकाला रुमाल लावलेला माणूस तो! थोड्या वेळाने हातगाडीवर बर्फाच्या लाद्या, वर गोणपाट आणि गाडीमागे घामाने थबथबलेले शेठजी. कोळिणींनी त्यांना पाहून काय काय म्हटलं असेल देव जाणे. लाद्या वर चढवून झाल्यावर त्यांनी विहिरीवर आंघोळ केली, कपडे धुतले आणि ओल्या धोतरानेच वर येऊन फ्रीझरजवळ बसले. वीज येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मध्येच म्हणाले, "थानं खराब व्हवाले नको, डॉक्टर. लोक लांबून उनात."

त्या वर्षी आम्ही स्वतः डीएनए वेगळा काढायला लागलो. नळीत अल्कोहोल घातलं की पांढरा, तलम धागा तरंगत वर येतो. मी शेठजींना बोलावून दाखवला. त्यांनी नळी उजेडाकडे धरली. चाळीसेक वर्षं कापड हाताळलेला माणूस. म्हणाले, "इतला बारीक सूत मी कधी दखं नही." आणि मग, "यानामा समदं लिखेल शे?"

"सगळं नाही, पण बरंच."

त्या दिवसापासून ते पेशंटांच्या खोलीत येऊन बसायला लागले. दुकान उघडं टाकून. मॅडम लोकांना समजावायच्या ते कान देऊन ऐकायचे आणि मग आपल्या पद्धतीने पुन्हा सांगायचे. मॅडमचं मराठी लोकांना अर्धंच कळायचं. शेठजींचं सगळं कळायचं. ते शर्टाची बटणं घेऊन यायचे, काळी आणि पांढरी. "दख, पोरना अंगमा दोन बटन ऱ्हातस. एक बापना, एक मायना. दोन्ही काळा उनात तं पोर आजारी. एकच काळा ऱ्हायना तं मानूस धडधाकट, त्याले पत्ता बी लागत नही." मॅडम कौतुकाने म्हणायच्या, आपल्याला फुकटचे समुपदेशक मिळाले.

एक दिवस सारंगखेड्याकडचं एक कुटुंब आलं होतं. आजारी मुलगा, त्याचे आईवडील आणि आजी. मुलाचे डोळे पिवळे, सांधे सुजलेले. शेठजींनी बटणं मांडली. ती आजी ऐकूनच घेईना. आजार सुनेनेच आणला म्हणून तिच्याकडे बोट करून म्हणाली, "आमना घरमा असं कोनलेच नव्हतं. हाईच लई उनी."

सून खाली मान घालून बसली होती. नवरा खिडकीतून बाहेर बघत होता. शेठजी त्या नवऱ्याकडे पाहतच राहिले. त्यांच्या हातात एक बटण होतं, ते त्यांनी खाली ठेवलंच नाही. "बापना बी..." एवढंच बोलले आणि उठून जिना उतरून गेले. पुढचं मी सांगून पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते वर आले. बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला.

"मन्हं रगत ले," ते म्हणाले.

त्या घरात तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्या दिवसानंतर प्रथमच ऐकला. मी विचारलं, काय होतंय शेठजी? म्हणाले, काही नही, तू ले.

त्यांना सिकलसेल नव्हता. पण दुसरं निघालं. थॅलेसेमिया. तोही तसाच उतरणारा आजार, आणि शेठजी त्याचे वाहक होते. स्वतः धडधाकट. मॅडमनी त्यांना समोर बसवून सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मन्हा दोन आंडोर व्हतात."

आंडोर म्हणजे मुलगे. मुलगे होते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. दोघं जन्मले तेव्हा छान होते. वर्षाच्या आत पांढरे पडायला लागले, पोट फुगायला लागलं. थोरला गेला, मग काही वर्षांनी धाकटा. शेठजींच्या आईने ठरवलं की सुनेच्या पोटातच खोट आहे. तिला माहेरी पाठवून दिलं. शेठजी दुकानात गादीवर बसून होते. टांग्यात तिची पेटी चढवताना त्यांनी पाहिली.

"मी काही बोलनू नही," ते म्हणाले.

"त्या आता...?" मी विचारलं.

"शे ना. तळोद्याले. भाऊना घरमा."

तळोदा. शहाद्याहून एसटीने तासाभराच्या अंतरावर.

मॅडमनी समजावलं, शेठाणींचं रक्त तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण मुलांची लक्षणं ऐकता दोष दोघांकडूनही आलेला असणार. शेठजी म्हणाले, "म्हंजे अर्धं मन्हं." मग उठले, जिन्याच्या दिव्याचं बटण बंद केलं आणि खाली गेले.

ते लगेच तळोद्याला गेले असं मात्र झालं नाही. महिने गेले. तोवर संस्थेची नवी इमारत उभी राहिली, शहाद्याबाहेर केळीच्या बागांमध्ये, धडगावच्या रस्त्याला. जनुकं वाचणारी यंत्रं त्या जिन्यावरून चढणार नव्हती आणि आम्ही आता मूठभर राहिलो नव्हतो. टेम्पो आले. एका आठवड्यात वरचा मजला रिकामा झाला. शेठजी गादीवर बसून सामान जाताना बघत होते. फ्रीझर निघाला तेव्हा त्यांनी हमालांना उगीच ओरडून घेतलं. शेवटी मी किल्ल्या द्यायला गेले तर म्हणाले, "ठेव तुनापान. मी वर काय करू?" मी आग्रहाने दिल्या तेव्हा घेतल्या.

त्यानंतर काही दिवसांनी ते नव्या इमारतीत आले. रखवालदाराने ओळखपत्र मागितलं. त्यांच्याकडे नव्हतं. मी खाली जाऊन त्यांना आत आणलं. ते चहा न घेता म्हणाले, "तळोद्याले येशी का मन्हासंगे? मी एकलाच सांगसू तं तिले खोटं वाटी. तू मशीनवाली शेस."

आम्ही एसटीने गेलो. खिडकीशी ते, बाजूला मी.

भावाचं किराणा दुकान होतं आणि मागे एक खोली. शेठाणी ताठ बसलेल्या, पांढरी साडी, हातात जपमाळ. त्यांनी शेठजींना ओळखलं. उठल्या नाहीत. मला बसायला पाट दिला. शेठजी उभेच होते.

त्यांनी सांगितलं. अडखळत, मध्येच मारवाडीत, मध्येच अहिराणीत. मी जिथे अडलं तिथे पुरवलं. शेठाणींनी सगळं ऐकलं आणि मला विचारलं, "म्हंजे दोष कोना?"

"कोणाचाच नाही, आई. निम्मं त्यांच्याकडून, निम्मं बहुतेक तुमच्याकडून. दोघांनाही माहीत असायचं कारण नव्हतं. तुमचं रक्त तपासलं तर नक्की सांगता येईल."

"मन्हं तं तवयच समदास्नी तपासी टाकं," त्या म्हणाल्या. मग शेठजींकडे वळल्या. "कोनाच दोष नव्हता, तं माले आठे कसाले धाडं?"

दुकानात भाऊ कुणाला तरी साखर बांधून देत होता, त्या कागदाचा आवाज तेवढा येत होता. शेठजी म्हणाले, "घर चाल. घर रिकामं शे."

"रिकामं शे म्हनीसन बलावाले उनात का?"

हे त्या चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी साधेपणाने विचारत होत्या. मग शेठाणींनी मला पाणी आणून दिलं, शेठजींनाही दिलं आणि जपमाळ हातात घेतली. आम्ही निघालो.

परतताना बस भरलेली होती. आम्हाला जागा वेगवेगळ्या मिळाल्या. मागून मला त्यांची टोपी दिसत होती. शहादा आलं तरी ते उठले नाहीत. शेवटी कंडक्टरने येऊन त्यांना हलवलं.

यानंतर शेठजी आमच्या नव्या इमारतीत रोज यायला लागले. तपासणीसाठी लोक ज्या मोठ्या हॉलमध्ये बसतात तिथे. आता तिथे पडद्यावर चित्रफीत चालते, शिकलेले समुपदेशक आहेत, त्यांना ठरलेले शब्द आहेत. शेठजींनी बटणं आणली नाहीत. ते एखाद्या कुटुंबाजवळ जाऊन बसायचे आणि आपली गोष्ट सांगायचे. नावासकट. "मन्हा दोन आंडोर व्हतात. मरी गयात. मन्ही मायनी मन्ही बायकोले म्हाईरले धाडी दिन्हं. मी काही बोलनू नही. तिन्हा काही दोष नव्हता. अर्धं मन्हं व्हतं." ज्या माणसाने घरातली गोष्ट शेजारच्या दुकानदाराला कधी कळू दिली नव्हती, तो ती अनोळखी माणसांना सांगत सुटला होता. सासवा गप्प व्हायच्या. कधीकधी एखादा नवरा बायकोच्या बाजूला सरकून बसायचा. पण बहुतेक वेळा लोक ऐकायचे आणि नंबर पुकारला की उठून जायचे.

नव्या मुलांना त्यांची अडचण वाटायची. हा म्हातारा कोण, रोज का येतो? त्यांनी मॅडमकडे तक्रार केली. मॅडम आता फार मोठ्या झाल्या होत्या, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. त्यांनी एवढंच सांगितलं की त्यांना बसू द्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसायची. पण मलाही आता कामं फार होती. कितीदा ते एकटेच हॉलच्या कोपऱ्यात डबा उघडून बसलेले मी काचेतून पाहिले. संध्याकाळी बाजारपेठेत परतायचे. दुकान त्यांनी बंदच करून टाकलं होतं.

पावसाळा सरून केळीचे घड कापायचे दिवस होते. मी रिसेप्शनवर काही द्यायला खाली आले तर दारात शेठाणी उभ्या. पांढरी साडी, पदर डोक्यावर, गळ्यात पाहुण्यांना देतात तो बिल्ला. मी चटकन पुढे झाले.

"आई, तुम्ही? तपासायला आलात?"

"नही," त्या म्हणाल्या. "तळोद्याले लोक सांगतस, एक शेठ दवाखानामा बठीसन मन्हं नाव लेस. म्हनलं काय सांगस ते दखू."

आवाज हॉलमधून येतच होता. शेठजी आमच्याकडे पाठ करून एका कुटुंबासमोर बसले होते. त्यांचे डोळे तेव्हा अधू झाले होते. वळून पाहिलं असतं तरी त्यांना दारातलं माणूस ओळखू आलं नसतं. शेठाणी खांबाला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मुलांची नावं आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

समोरच्या कुटुंबातल्या एका तरुण बाईने विचारलं, "मंग ती परत उनी का?"

"नही उनी," शेठजी म्हणाले. "कसाले येई? तिन्ही चूक व्हती का?"

मी हळूच विचारलं, "बोलावू त्यांना?"

शेठाणींनी मान हलवली. "नको. बरोबर सांगी ऱ्हायनात. सांगू दे." आणि निघताना, "मी उनती, हाई त्यास्ले सांगू नको."

त्यांनी गळ्यातला बिल्ला काढून रखवालदाराला परत दिला. मी रस्त्यापर्यंत त्यांच्यासोबत गेले. बस येईपर्यंत त्या केळीच्या बागेकडे बघत उभ्या होत्या. चढताना म्हणाल्या, "जेवतस का येळवर?" मी म्हटलं, हो, सूर्य मावळायच्या आत.

मी परत आत आले. शेठजींसमोरच्या कुटुंबाचा नंबर लागून ते उठून गेलं होतं. शेठजी रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत, खुर्च्यांच्या पाठी चाचपत पुढच्या रांगेकडे चालले होते. तिथे धानोऱ्याहून आलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं बसलं होतं. ते त्यांच्या शेजारी टेकले, टोपी सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.